टोपीकराचा मावळा

दिवाळीच्या किल्ल्यात आमच्याकडे दरवर्षी एकच विनोद व्हायचा, तो म्हणजे मावळा महादरवाजापेक्षा उंच. कुंभाराच्या गाड्यावरचे मातीचे मावळे चांगले वीतभर, आणि किल्ला जेमतेम कंबरेएवढा. बुरुजावर पहारेकरी ठेवला की तो स्टुलावर चढून बल्ब बदलतोय असं वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी भाचा इंग्लंडहून सुट्टीला आला. तो नॉटिंगहॅमला असतो आणि त्या भागात धातूचे चिमुकले सैनिक ओतणारे बरेच कारखाने आहेत. त्यानं माझ्या मुलासाठी एक पाकीट आणलं. आत इंग्लंडच्या यादवी युद्धातले, म्हणजे १६४२ ते १६५१ या काळातले बंदूकधारी होते. उंची २८ मिलिमीटर, डोक्यावर रुंद काठाची टोपी, गुडघ्यापर्यंत तुमान, हातात तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं उडवायची बंदूक. पोरगं बराच वेळ बघत बसलं आणि म्हणालं, "आई, हे लोक महाराजांच्याच वेळचे की. टोपी काढली तर मावळे होतील. तुझ्याकडे मशीन आहे ना?"

मशीन आहे. मी मिरजेत डेंटल लॅबमध्ये बावीस वर्षं काम करते. कवळ्या, क्राउन, धातूच्या पट्ट्या, सगळं हातावरचं. मायक्रोमोटर, म्हणजे कापायचं छोटं हत्यार फिरवणारी मोटर, ही माझ्यासाठी पेनासारखी वस्तू. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या शिपायाचं नाक, मिशी आणि अर्धा गाल दहा सेकंदांत गेला. कापला गेला नाही, फासला गेला, लोणी फासावं तसा.

चूक काय झाली ते आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच आहे.

लॅबमध्ये मी ज्या कोबाल्ट-क्रोमवर काम करते तो वितळायला तेराशे अंशांच्या पुढे जावं लागतं. तो धातू हट्टी. त्याला पूर्ण वेग आणि हाताचा दाब दोन्ही लागतं. हे शिपाई व्हाइट मेटलचे. त्यात मुख्य कथील, थोडं अँटिमनी, आणि जुन्या किंवा स्वस्त मालात शिसं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ ला, आणि दोन्ही एका ठरावीक प्रमाणात मिसळली तर १८३ लाच पाणी होतं. डाग द्यायची तार तीच. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्यानं कथील कसं फिरवतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फिरत्या बरच्या, म्हणजे मशीनला बसवायच्या छोट्या दातेरी हत्याराच्या, टोकाशी घर्षणानं एवढी उष्णता सहज तयार होते. धातू कापला जायच्या ऐवजी मऊ होतो, बरच्या दातांत जाऊन बसतो, आणि मग तो बर राहतच नाही, नुसता गरम गोळा फिरत असतो.

म्हणून वेग कमी. माझा मायक्रोमोटर मिनिटाला पस्तीस हजार फेऱ्यांचा आहे. व्हाइट मेटलवर मी पाच ते आठ हजारांच्या वर जात नाही. दाब जवळजवळ नाहीच, बरचं वजन पडेल तेवढाच. दोन सेकंद लावायचं, उचलायचं, पुन्हा दोन सेकंद. बरोबर चाललंय का हे कीस सांगतो. बारीक चमकदार फोलपटं उडत असतील तर ठीक. कीस पडायचा थांबला, आवाज चरचरीतून घुमा झाला, बर घसरायला लागला की लगेच उचला. त्या क्षणी जो माणूस "अजून थोडं दाबून बघू" म्हणतो, त्याच्या शिपायाला नाक राहत नाही.

मशीनबद्दल फार डोकं खाऊ नका. तीन पर्याय आहेत. एक, ड्रेमेलसारखं हातात धरायचं रोटरी टूल. ते सगळीकडे मिळतं, पण जाडजूड असतं आणि काही मॉडेलांचा सगळ्यात कमी वेगच दहा हजारांच्या आसपास असतो. घेण्याआधी खोक्यावरचा कमाल नाही, किमान आकडा वाचा. दोन, सराफ कट्ट्यावरच्या कारागिरांकडे असते ती टांगती मोटर. वर मोटर, खाली लवचीक दांडा, पायाशी पेडल. पेडलमुळे वेग पायात राहतो, दोन्ही हात मोकळे. नवीन घेणाऱ्याला मी हीच सुचवीन. तीन, डेंटल मायक्रोमोटर. हँडपीस, म्हणजे हातात धरायचा भाग, हलका, पेनासारखा धरता येतो, कंप कमी. दातांच्या डॉक्टरांकडचा एअरोटर मात्र नको. तो हवेवर फिरतो, वेग तीन लाखांच्या घरात. आपल्याला त्याच्या बरोबर उलट पाहिजे.

बर विकत घेताना दांड्याची जाडी बघा. लॅब हँडपीसचे बर २.३५ मिलिमीटर दांड्याचे असतात. ते ड्रेमेलच्या २.४ च्या कोलेटमध्ये, म्हणजे दांडा पकडणाऱ्या कडीत, बसतात. एअरोटरचे बर १.६ मिलिमीटरचे, त्यांना वेगळं छोटं कोलेट लागतं. पाकिटावर ०१०, ०१४, ०२३ असे आकडे असतात, ते डोक्याचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागात सांगतात. ०२३ म्हणजे २.३ मिलिमीटर. मावळ्याला मला चारच लागले. ढोबळ कामाला ०२३ चा गोल स्टीलचा, बारीक जागेला ०१० चा गोल, सपाटीला एक दंडगोल, आणि कवळीचं ॲक्रिलिक उतरवायचा मोठ्या दातांचा कार्बाइड बर. डायमंड बर घेऊ नका. त्याच्या कणांमधल्या फटी या मऊ धातूनं मिनिटात भरतात आणि तो गुळगुळीत होऊन बसतो. दगडी पॉइंटचंही तेच. या धातूला मोठे, लांब अंतरावरचे दात पाहिजेत, कीस बाहेर पडायला जागा पाहिजे.

आणि मेण. साधी मेणबत्ती शेजारी ठेवा. दर पंधरा-वीस सेकंदांनी फिरता बर तिला हलकेच टेकवायचा. दातांना मेण लागलं की धातू चिकटत नाही. तरी भरलाच तर मशीन बंद करून पितळी ब्रशनं घासायचा. सुईनं उकरत बसू नका, सुई दातांची धार घालवते.

आता जे टाळून कुणी पुढे जाऊ नये ते. शिसं. पाकिटावर "लेड-फ्री" लिहिलेलं असेल तर छान. जुना, सुटा, कुणाच्या माळ्यावरून आलेला शिपाई असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चालते. पांढऱ्या कागदावर घासून बघा. पेन्सिलीसारखी करडी रेघ ठळक उमटली तर शिसं भरपूर आहे. पण रेघ नाही उमटली म्हणजे शिसं नाहीच, असं समजू नका. मी हे काम स्वयंपाकघरात करत नाही, जेवणाच्या टेबलावर तर नाहीच. गॅलरीतल्या टेबलावर ओला वर्तमानपत्राचा कागद अंथरते, म्हणजे कीस त्याला चिकटतो. काम झालं की कागद आतल्या बाजूनं दुमडून पिशवीत, टेबल ओल्या फडक्यानं पुसायचं. झाडू नाही, घरातला व्हॅक्यूम क्लीनर नाही, दोन्हींनी धूळ हवेत जाते. एन-९५ मास्क लावायचा. मध्येच चहा-बिस्कीट नाही, तंबाखू नाही. हात साबणानं धुतल्याशिवाय पोराच्या डोक्यावरून फिरवायचा नाही. माझा मुलगा फक्त प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, मारलेल्या शिपायाला हात लावतो, तो मशीन चालू असताना गॅलरीच्या दाराआड. किसाची एक जुनी जॅमची बाटली आहे, तिच्यावर लाल पेननं "शिसं" लिहून उंच फळीवर ठेवलीय. बेसिनमध्ये किंवा कुंडीत टाकत नाही.

या कामाचे बरही वेगळे. एका तपकिरी डबीत ठेवते आणि ती डबी कधीही लॅबमध्ये जात नाही. शिशाचे कण ज्यावर बसलेत तो बर कुणाच्या कवळीवर फिरलेला मला चालणार नाही.

डोळ्यांना गॉगल, तो चष्म्याच्या वरून. ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे, बांगड्या काढायच्या. आणि सुती हातमोजे घालायचे नाहीत. सुरक्षित वाटतात, पण धागा फिरत्या बरमध्ये अडकला की बोट ओढून नेतो.

धरायचं कसं? शिपाई खालच्या चकतीसकट लाकडाच्या गुटक्यावर स्क्रूनं किंवा घट्ट मेणानं बसवा आणि गुटका डाव्या हातात धरा. नुसता शिपाई चिमटीत धरला तर तो तापतो, निसटतो, आणि बर अंगठ्यात जातो. माझ्या डाव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. उजव्या हाताची करंगळी गुटक्यावर टेकलेली पाहिजे. आमच्याकडे नवीन मुलीला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, हात हवेत ठेवून काम करायचं नाही. हँडपीसची शेपटी उजवीकडे आणि टोक डावीकडे असेल, तर खालच्या बाजूनं घासणारा बर तुमच्यापासून दूर पळायला बघतो. त्यामुळे घासताना अंगाकडे ओढत यायचं. पळायच्या दिशेनं ढकललं की तो उडी मारतो आणि शेजारच्या कानावर जाऊन बसतो. डावखुऱ्यांना हे उलटं.

आता टोपी. सगळी मजा आणि सगळा धोका टोपीतच आहे.

टोपीचा काठ चेहऱ्याच्या वर छपरासारखा पुढे आलेला असतो, आणि कपाळ, भुवया, नाक त्याच्या सावलीत अगदी चिकटून. पहिल्यांदा मी काठ वरून घासायला लागले होते, तिथेच नाक गेलं. आता असं करते: आधी ॲक्रिलिकच्या मोठ्या बरनं टोपीचा वरचा शेंडा खाली आणते, डोक्याच्या गोलाईच्या एक मिलिमीटर वर थांबते. मग काठ बाहेरून आत, चारही बाजूंनी थोडा थोडा, मागून सुरुवात करून. मागच्या बाजूला केस असतात, चूक झाली तर पगडीखाली जाते. हात तिथे सरावतो. चेहऱ्याच्या बाजूला काठ दीड मिलिमीटर उरला की मशीन बंद, उरलेलं हातानं. सुईसारख्या बारीक कानशी मिळतात, त्यातली अर्धगोल घ्यायची आणि कपाळाकडून बाहेर, नाकापासून दूर ढकलत घासायची. चेहऱ्यावर मी टेपचा तुकडा लावते. कानस घसरली तर टेप फाटतो, डोळा वाचतो. एका टोपीला मशीनची चार मिनिटं लागतात आणि कानशीची पंचवीस. मला आधी हे उलटं वाटायचं.

गळ्यातली रुंद कॉलर ०१० च्या गोल बरनं उतरवायची. छातीवरून तिरपा पट्टा जातो, त्याला दारूच्या लाकडी नळ्या लटकलेल्या असतात, बहुतेक बारा. नळ्या एकेक करून काढते आणि पट्टा तसाच ठेवते, चामड्याचा पट्टा आपल्या बंदूकधाऱ्यालाही शोभतो. तुमानीला हात लावायची गरज नाही, गुडघ्यापर्यंतचा चोळणाच तो. बुटांच्या टाचा दंडगोल बरनं सपाट केल्या आणि पुढची फीत घासून टाकली की वहाणा वाटतात. बंदूक तोड्याचीच आहे, ती तशीच राहू दे. काही शिपायांच्या हातात बंदूक टेकवायची दुबेळक्याची काठी असते, ती तेवढी कापायची.

कापायला चकती लागते आणि इथे मी कडक बोलणार आहे. लॅबमधली पातळ तपकिरी कार्बोरंडम चकती फार सुंदर कापते आणि फार वाईट मोडते. २२ मिलिमीटरची चकती वीस हजार फेऱ्यांवर फिरते तेव्हा तिच्या काठाचा वेग सेकंदाला तेवीस मीटर, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर असतो. कापताना हात जरा वाकडा झाला की ती फुटते. माझ्या एका चकतीचा तुकडा गॉगलवर आपटून शेजारच्यांच्या तुळशीत सापडला. तेव्हापासून आत जाळी असलेलीच चकती वापरते. दहा हजारांच्या खाली, सरळ आत आणि सरळ बाहेर, चकतीच्या तोंडासमोर स्वतःचं तोंड न ठेवता. हात किंवा मान असं बारीक काही कापायचं असेल तर सरळ सोनाराची करवत घ्या. चकती कापते त्या जागी पाऊण मिलिमीटर धातू गायब होतो, आणि २८ मिलिमीटरच्या माणसाच्या मनगटात तेवढं म्हणजे चौथा हिस्सा.

दोघा शिपायांच्या हातातून मी बंदूक काढून फिरंग दिली. युरोपातून आलेल्या सरळ पात्याला आपल्याकडे मूठ बसवली जायची, तीच फिरंग, तेव्हा टोपीकराच्या, म्हणजे युरोपियनाच्या, हातात ती शोभली. एक मिलिमीटरची पितळी तार हातोडीनं ऐरणीवर चपटी केली, कानशीनं टोक काढलं. मुठीतून भोक पाडायला तारेच्याच जाडीचं ड्रिल. हे मशीनवर पाडू नका. मशीनवर इतकं बारीक ड्रिल तापतं, अडकतं आणि आत मोडतं, मग ते काढायला सबंध हात कापावा लागतो. हातानं फिरवायचा छोटा चक मिळतो. त्यात ड्रिल बसवा, आधी सुईनं खूण करा म्हणजे टोक सरकणार नाही, दोन फेरे पुढे आणि एक मागे, मध्ये मेण.

कापलेला हात परत दुसऱ्या कोनात जोडायचा असेल तर नुसत्या फेव्हिक्विकवर विसंबू नका. धातूचा हात जड असतो, किल्ल्यावर पहिल्या धक्क्याला पडतो. दंडात आणि खांद्यात एकेक भोक पाडून मध्ये कागदाच्या पिनेची तार घालायची. दोन्ही भोकं समोरासमोर कशी आणायची? खांद्याच्या भोकात तार बसवा, मिलिमीटरभर बाहेर ठेवा, टोकाला रंगाचा ठिपका लावा आणि हात त्यावर टेकवा. ठिपका उमटेल तिथेच दुसरं भोक. मग दोन ट्यूबचं अरल्डाइट, आणि रात्रभर त्याला विसरून जायचं.

पगडी मी एम-सीलची करते. परदेशात यासाठी हिरवी पुट्टी वापरतात, ती इथे महाग पडते. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एक होईपर्यंत मळा. आधी वाटाण्याच्या चतकोराएवढा गोळा डोक्यावर दाबायचा. मग शेवयांसारखी बारीक वळी करायची आणि तिरपी गुंडाळत न्यायची. घाई लागते, एम-सील वाट बघत नाही. मेण कोरायचं लेक्रॉन कार्व्हर पाण्यात बुडवून पेच उठवते. पहिल्या पाच पगड्या जिलबीसारख्या झाल्या. त्यातल्या दोन मुलानं हट्टानं ठेवून घेतल्यात, "हे हलवाई मावळे." दुसऱ्या दिवशी एम-सील दगडासारखं होतं, तेव्हा ०१० चा बर फिरवून पेच खोल करता येतात. इथे वेग थोडा वाढवला तरी चालतो, ही पुट्टी वितळत नाही, धूळ मात्र करते. मास्क तोच.

शेजारचा मुलगा त्याची छोटी मोटार घेऊन आला होता, चाकं बदलायला तळ उघडून हवा होता. त्या मोटारी जस्ताच्या मिश्रधातूच्या, व्हाइट मेटलपेक्षा बऱ्याच कडक. खालचे दोन रिव्हेट ड्रिलनं डोकं उडेपर्यंतच खायचे, खांब ठेवायचा, म्हणजे पुन्हा स्क्रूनं बंद करता येते. त्याच्यावर कधीतरी वेगळं.

सगळं घासून झालं की शिपाई साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं धुवायचा, मेणाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. वाळल्यावर उन्हात तिरपा धरून बघा. बरच्या रेघा करड्या धातूवर दिसत नाहीत, प्रायमर बसला की सगळ्या वर येतात. मी म्हणूनच पहिला हात पातळ मारते, रेघा शोधते, बारीक पॉलिश पेपरनं काढते आणि मग दुसरा हात.

गेल्या दिवाळीत अकरा मावळे उभे राहिले. किल्ल्यावर अळीव नेहमीपेक्षा दाट उगवला होता, आणि २८ मिलिमीटरचे मावळे त्यात गळ्यापर्यंत बुडाले. मुलानं कात्री घेऊन तटाच्या आतलं गवत कापलं आणि पायवाट काढली. महादरवाजातून आता तिघे शेजारी शेजारी आत जातात, वर पगडीला बोटभर जागा उरते. पाकिटात एक घोडेस्वार उरलाय. त्याचं खोगीर बदलायचं तर त्याच्या मांडीखालून बर घालावा लागेल, तिथे माझा ०१० सुद्धा जात नाही. ०.५ चा मागवलाय.